ग्वाल्हेरच्या जुन्या दगडी घरात एसी, कूलर आणि हीटर बदलायचे आहेत, काय घ्यावं?

दौलतगंजकर

मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजमध्ये जुनं दुमजली घर आहे. भिंती २० इंची दगडाच्या, चुन्यातल्या. छत गर्डरवर टाकलेल्या पटियांचं (दगडी लाद्यांचं), उंची १४ फूट. प्रश्न फक्त वरच्या मजल्याचा आहे, खालचा मे महिन्यातही बरा राहतो.

वर पश्चिमेची खोली १५ × १८ फूट, दुसरी १२ × १४, आणि दिवाणखाना २४ × १६. दोन्ही खोल्यांत दीड टनाचे जुने विंडो एसी (आर-२२ या जुन्या गॅसचे), त्यातल्या एकाची कॉइल गळते. दिवाणखान्याला गच्चीवरचा डक्ट कूलर, त्याची टाकी गंजून चालली आहे. हिवाळ्यात रॉडचे हीटर आणि एक ब्लोअर. घरात वयस्कर माणसं आहेत, त्यामुळे जानेवारीची थंडीही धरायची आहे.

दुकानदार म्हणतो, सगळं काढा आणि तिन्हीकडे दोन-दोन टनाचे स्प्लिट लावा. दुसऱ्यानं व्हीआरएफ (एकाच आउटडोअरवर अनेक खोल्या) सुचवलं. बदलायचंच आहे तर एकदाच नीट बदलावं असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

थंडा_गरम

ब्रँडकडे नंतर वळू. आधी एक आकडा समजून घ्या.

एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. दीड टनाच्या यंत्रावर ५ ते ५.२ किलोवॅट लिहिलेलं असतं, पण ती क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली. आपल्याकडे मे अखेरीस दुपारी ४५-४६ असतं, आणि उन्हात तापलेल्या गच्चीवरच्या आउटडोअरला त्याहून गरम हवा मिळते. तिथे तेच यंत्र साधारण १५ टक्के कमी देतं, म्हणजे सव्वाचार-साडेचार किलोवॅट. वीज मात्र जास्त ओढतं.

दुकानात "५२ डिग्रीपर्यंत चालतो" असं सांगतात. त्याचा अर्थ एवढाच की ५२ला तो ट्रिप होणार नाही. पूर्ण थंडावा देईल असा नाही. त्यामुळे स्पेसिफिकेशन शीट मागा आणि ४६ किंवा ४८ अंशांची क्षमता बघा. ती छापलेली नसेल तर १५ टक्के वजा करूनच हिशेब धरा.

तुमच्या पश्चिमेच्या खोलीचा ढोबळ भार असा (आत २६-२७ अंश धरून):

छत २५ चौ. मीटर, उघडा पटिया : २.१ किलोवॅट
दोन बाहेरच्या भिंती : १.०
खिडक्या, पडदे धरून : ०.६
फटींतून येणारी लू (गरम वारा) : ०.७
दोन माणसं, दिवे, टीव्ही : ०.५५

बेरीज ४.९५, म्हणजे १.४ टन. कागदावर दीड टन पुरतो, प्रत्यक्षात दुपारी तीन ते सातमध्ये अर्धा किलोवॅट कमी पडतो. दुकानदार दोन टन सांगतो ते या हिशेबानं चूक नाही. पण यादीतला पहिला आकडा पुन्हा एकदा बघा.

पटियावाला

तेच लिहायला आलो होतो. जवळजवळ निम्मा भार छतातून येतोय आणि मंडळी टन वाढवायला निघतात.

चार इंची पटियावर ५० मिमीचा एक्सपीएस बोर्ड (दाट फोमचा, उष्णता अडवणारा) टाकला की छतातून येणारी उष्णता २.१ वरून साडेतीनशे वॅटच्या आसपास येते. खोलीचा भार सव्वातीन किलोवॅटवर उतरतो आणि दीड टन ४६ अंशांनाही आरामात पुरतो. हिवाळ्यात हाच बोर्ड उलटा उपयोगी पडतो. नुसता पांढरा रंग लावला तर उन्हाळ्यात फायदा आहे, पण जानेवारीत जे थोडंफार ऊन फुकट मिळतं तेही परत जातं. शिवाय आपल्याकडची धूळ एका मोसमात पांढऱ्याचा मातकट करते. दर एप्रिलला गच्ची धुतली नाही तर रंगाचा गुण उरत नाही.

क्रम असा : जुना सुटलेला कोबा काढा, पटियांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल तर ते आधी भरा, वॉटरप्रूफिंग करा आणि दोन दिवस पाणी साठवून बघा. मग बोर्ड (घनता ३२-३५ किलो प्रति घनमीटर), सांधे विटांसारखे तिरपे सोडून. त्यावर वेगळं करणारा पॉलिथिनचा थर, मग जाळी टाकून ५० मिमीचा कोबा, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, वर चिनीच्या फुटक्या टाइल्स.

मात्र हा ५० मिमी कोबा चौरस मीटरला ११०-१२० किलो वजन टाकतो. जुने गर्डर भिंतीत शिरतात तिथे गंजलेले असतात, बाहेरून दिसत नाही. दोन-तीन ठिकाणी प्लास्टर खरवडून टोकं बघून घ्या. शंका असेल तर कोब्याच्या भानगडीत पडू नका. आतून साडेदहा फुटांवर फॉल्स सीलिंग आणि त्यावर ५० मिमी रॉकवूल (४८ घनतेचं) घाला. गच्चीवरच्या बोर्डाइतकं भारी नाही, कारण पटिया तापतोच, पण वजन जवळजवळ काही नाही.

वाळा_आणि_माठ

दिवाणखान्याचा कूलर काढू नका हो, एवढीच विनंती.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत इथली हवा कोरडी ठाक असते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते तापमान) २३च्या आसपास येतं. पॅड ८० टक्के कार्यक्षम असेल तर कूलरमधून २७ अंशांची ताजी हवा मिळते. पाऊण किलोवॅटच्या पंख्यावर एवढ्या मोठ्या जागेचा थंडावा कुठला एसी देईल? टाकी गंजली तर टाकी बदला, स्टेनलेस किंवा एफआरपीची (फायबरची). पंखा-मोटर ठीक असतील तर तेवढ्यानं काम होतं.

पॅडबद्दल : वाळ्याच्या टट्ट्यांचा वास सुखाचा, पण दाबून दाबून मध्ये पोकळ्या पडतात आणि गरम हवा तिथूनच आत जाते. शिवाय दर मोसमाला नव्या. डक्ट कूलरला हनीकोम (मधाच्या पोळ्यासारखा) पॅडच बरा. १०० मिमीचा ७०-७५ टक्के देतो, २०० मिमीचा ८५च्या वर. पण जाड पॅडनं हवेला अडथळा वाढतो, त्यामुळे जुनाच पंखा ठेवायचा असेल तर १५० मिमीवर थांबा.

मुरारवासी

काका, वाळ्यावर आमचंही प्रेम आहे, पण पाण्याचं गणित तुम्ही गाळलंत.

तासाला १० हजार घनमीटर (सुमारे ६००० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट) हवा १७ अंशांनी थंड करायला तासाला ७५-८० लिटर पाणी उडतं. आठ तास चालला की सहाशे लिटरच्या वर. क्षार साचू नयेत म्हणून जे सोडून द्यायचं ते वेगळं. तिघरा धरण खाली गेलं की नळ एक दिवसाआड, आणि बोअरचं पाणी जड. बोअरवर चालवला तर हनीकोमवर पांढरा थर बसून मोसमभरात त्याचा दगड होतो.

आणि पाऊस लागला की खेळ संपला. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २९. कूलर ३० अंशांची ओली हवा फेकतो. अंग चिकट, कपाटातले कपडे दमट.

वाळा_आणि_माठ

@मुरारवासी, जुलै-ऑगस्टपुरतं मान्य. पाण्याचंही मान्य, पण ते सहाशे लिटर भर उन्हाळ्याच्या दिवसाचे, आणि तेही सलग पूर्ण वेगात. संध्याकाळी निम्म्या वेगावर बरंच कमी लागतं. बोअरचं पाणी असेल तर उडणाऱ्या पाण्याच्या दहा-वीस टक्के सतत बाहेर सोडायचं, फ्लोट व्हॉल्व्हच्या बाजूला बारीक कॉक लावून. ते गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळतो.

दौलतगंजकर, एक विचारायचं राहिलं. कूलरची हवा बाहेर जायला वाट किती आहे? ६००० सीएफएमला निदान १२ ते १५ चौरस फूट उघडी खिडकी हवी, तीही कूलरच्या समोरच्या बाजूला. बहुतेक घरांत धूळ येते म्हणून सगळं बंद करतात आणि मग "कूलर उमस करतो" म्हणून ओरड.

दौलतगंजकर

वाट आहे, समोर दोन मोठ्या खिडक्या घराच्या आतल्या चौकाकडे उघडतात. दिवाणखान्यात कूलर ठेवायचं पटतंय. पण मग खोल्यांतल्या एसीवर त्याचा परिणाम होईल का? आणि हिवाळ्याचं कोणीच बोललं नाही.

थंडा_गरम

कूलर आणि एसी एका हवेत नकोत. कूलर जेवढं पाणी हवेत घालतो तेवढं एसीला कॉइलवर पुन्हा काढावं लागतं, आणि त्यात त्याची बरीच ताकद जाते. मधली दारं बंद राहतील अशी व्यवस्था करा, दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा.

आता हिवाळा. आत २१ आणि बाहेर ५ अंश धरले तर पश्चिमेच्या खोलीला सध्याच्या छतासह सव्वातीन किलोवॅट उष्णता लागते : भिंती १.४, छत १.२, फटी ०.६. म्हणून तुमचा २ किलोवॅटचा ब्लोअर रात्रभर चालूनही खोली गरम होत नाही, फक्त समोर बसणाऱ्याचे पाय भाजतात. छताचं काम झालं की गरज सव्वादोनवर येते.

इथे रिव्हर्स सायकलवाला हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर घ्या. रॉड किंवा ब्लोअर एक युनिट विजेची एकच युनिट उष्णता देतो. हे यंत्र म्हणजे हीट पंप, तो बाहेर ७ अंश असताना तीन-साडेतीन देतो, धुक्याच्या रात्री ३-४ अंशांना डीफ्रॉस्ट धरून अडीचच्या आसपास. घेताना आउटडोअरमध्ये फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारा) आहे याची खात्री करा. नुसती हीटरची कॉइल घालून "हॉट" म्हणणारं यंत्र नको.

चालवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

जानेवारीत धुकं आणि चार-पाच अंश एकत्र आले की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र पाच-दहा मिनिटं आतला पंखा बंद करून उलटं चालतं. बाहेरून वाफ निघते, पाणी गळतं. हा बिघाड नाही, मेकॅनिकला बोलावू नका. पण ते पाणी जायला वाट ठेवा, आउटडोअर फरशीपासून चार-सहा इंच उंच बसवा.

१४ फुटांच्या खोलीत गरम हवा वर जाऊन बसते. इनडोअर युनिट साडेसात-आठ फुटांवरच लावा. मिस्त्री बीमखाली अकरा-बारा फुटांवर लावायला बघतो, तेवढं करू देऊ नका. यंत्राचा सेन्सर वरची गरम हवा चाखून "२१ झाले" म्हणत मंद होतो आणि खाली पलंगावर सतराच असतात. रिमोटमध्ये सेन्सर असलेलं मॉडेल (फॉलो मी वगैरे नावं असतात) मिळालं तर उत्तम. लुव्हर खाली, पंखा मध्यम. पटियावाल्यांनी सांगितलेलं साडेदहा फुटांचं सीलिंग इथे दुहेरी कामाला येतं.

दगडी भिंत सावकाश तापते. रात्री दहाला लावून ताबडतोब ऊब मिळणार नाही. संध्याकाळी पाचला २० वर लावा आणि चालू राहू द्या, इन्व्हर्टर स्वतः मंद होतो.

आणि बंद खोलीत सिगडी किंवा गॅसचा हीटर अजिबात नको. वयस्कर माणसं असलेल्या घरात तर नावच काढू नये.

नवशिका_७

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : पाच स्टार घ्यावा की तीन? आणि व्हीआरएफ का नको?

थंडा_गरम

स्टार आयसीईईआरवर (मोसमभरात विजेमागे किती थंडावा मिळतो त्यावर) ठरतात, आणि लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तासांचे असतात, तेही बाहेर २४ ते ४३ अंश धरून. ४३च्या वरचं आपलं ऊन त्या हिशेबात नाहीच. दीड टनाला तीन आणि पाच स्टारमध्ये वर्षाला ढोबळ दोनशे युनिटांचा फरक. युनिट आठ रुपये धरलं तर सोळाशे रुपये. रोज रात्रभर चालणाऱ्या खोलीत पाच स्टार, पाहुण्यांच्या खोलीत तीन पुरे. १ जानेवारी २०२६ पासून निकष कडक झालेत. जुन्या साठ्यातला पाच स्टार नव्या तक्त्यात साधारण चार भरतो, त्यामुळे लेबलवरची मुदत बघूनच भाव करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तोही बिलात तपासा.

दोन खोल्यांसाठी व्हीआरएफ म्हणजे फुकटचा डौल. सात-आठ खोल्या, आउटडोअर ठेवायला एकच जागा, असं असेल तर विचार करावा. एका आउटडोअरचा बोर्ड गेला की सगळं घर गरम, आणि सुटा भाग भर जूनमध्ये येईपर्यंत वाट बघायची.

गेजमीटर

यंत्र कुठलंही घ्या, नासतं ते बसवताना. एकेक लिहितो.

जुनी पाइप वापरू नका. विंडोला पाइप नव्हतीच, पण कुठे जुन्या स्प्लिटची भिंतीत गाडलेली असेल तर मोह होतो. आर-२२च्या पाइपमध्ये खनिज तेल राहतं, नव्या यंत्रांतल्या आर-३२ गॅसला पीओई (कृत्रिम) तेल लागतं, दोन्ही मिसळू नयेत. शिवाय आर-३२चा दाब कितीतरी जास्त : सक्शनला आर-२२ साठ-सत्तर पीएसआयवर चालायचा, हा ११०-१३०वर. पातळ जुनी पाइप आणि जुने फ्लेअर (सांध्यासाठी पसरवलेली पाइपची तोंडं) टिकत नाहीत. नवी तांब्याची, ०.८ मिमी जाडीची घ्या. दीड टनाला बहुधा पाव आणि अर्धा इंच, पण कंपनीच्या पुस्तकात असेल तेच माप. दोन्ही पाइपना वेगवेगळं इन्सुलेशन, एकत्र गुंडाळलेलं नको.

फ्लेअर नट अंदाजानं आवळायचा नाही. टॉर्क पाना : पाव इंचाला १४-१८ न्यूटन मीटर, अर्ध्याला ४९-६१. जास्त आवळला की फ्लेअर चिरतो आणि दोन महिन्यांनी "गॅस उडाला".

मग नायट्रोजन ४०० पीएसआयपर्यंत, साबणाचं पाणी लावून सांधे बघा, काही तास काटा हलता कामा नये. त्यानंतर व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप), आणि पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकडा हजाराच्या वर चढत गेला तर ओल आहे किंवा गळती. बरेच जण पंप आणतच नाहीत, यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा हाकलतात. आत राहिलेली ओल पीओई तेलाचं आम्ल करते आणि कॉम्प्रेसर वॉरंटी संपता संपता जातो. आधीच फोनवर विचारा : "पंप आणि मायक्रॉन गेज आणणार ना?" उत्तरावरून माणूस कळतो.

पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त झाली तर मीटरमागे किती ग्रॅम गॅस घालायचा ते पुस्तकात असतं. वजनकाट्यावर घाला, दाब बघून नाही. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो.

ड्रेनला २५ मिमीची यूपीव्हीसी, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. मोरीत सोडणार असाल तर यू-ट्रॅप हवाच. तुमच्या गल्लीत उघडी नाली असेल तर कॉइल तांब्याची आणि कोटिंगवाली घ्या. नालीच्या गॅसनं इनडोअर कॉइलला सुईएवढी भोकं पडतात.

जुन्या यंत्रांतला आर-२२ हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा. ३१ डिसेंबर २०२४ नंतर आर-२२ची नवी यंत्रं बनवायची बंद झाली. गॅस फक्त दुरुस्तीपुरता आहे, तेव्हा गळकी कॉइल बदलण्यात पैसे घालू नका.

सौदामिनी

वायरिंगकडे कोणी बघत नाही म्हणून मध्ये पडते. प्रत्येक एसीला मीटरच्या डीबीपासून (वितरण पेटीपासून) स्वतंत्र ४ चौ. मिमी तांब्याची वायर, सी-कर्व्ह २० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटमध्ये प्लग खुपसू नका, जूनमध्ये प्लगची पिन तापून बेकलाइट वितळतं. आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा) ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए.

अर्थिंग मोजून घ्या, ५ ओहमच्या आत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. जुन्या भागात इन्व्हर्टर एसीचे पीसीबी (आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळतात त्यात मोठा वाटा सुटलेल्या न्यूट्रलचा : एका घरात १६०, शेजारी ३०० व्होल्ट. "स्टॅबिलायझर-फ्री" यंत्र कमी व्होल्टेज सोसतं, पण हे नाही. डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ आणि टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज यंत्राच्या खालच्या मर्यादेखाली जात असेल तरच ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर.

मध्य क्षेत्र वीज कंपनीकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. दोन एसी, गिझर, पाण्याचा पंप असा हिशेब करून आधीच वाढवून घ्या.

दौलतगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. तर असं ठरतंय : छतावर बोर्ड (गर्डर बघून, नाहीतर आतून रॉकवूल), पश्चिमेच्या खोलीत दीड टन हॉट अँड कोल्ड पाच स्टार, लहान खोलीत एक टन हॉट अँड कोल्ड, कूलरला नवी टाकी आणि १५० मिमीचे पॅड. दोन्ही आउटडोअर आतल्या चौकात लावतो, सावली मिळेल आणि पाइपही लहान होईल.

गेजमीटर

चौकात नको. चौक किती बाय किती आहे माहीत नाही, पण चारी बाजूंनी भिंती असतील तर गरम हवा तिथेच घुटमळते आणि यंत्र स्वतःचीच हवा पुन्हा ओढतं. बाहेर ४४ असताना चौकात ५० होतात, हाय प्रेशरवर ट्रिप. शिवाय तुमच्या कूलरच्या खिडक्या त्याच चौकात उघडतात, ती दमट हवा आणि ही गरम हवा एकमेकांत अडकतील.

गच्चीवर उत्तरेच्या कठड्याला लावा. मागे ३० सेंटिमीटर, पुढे निदान दीड मीटर मोकळं, आणि वर पत्र्याची सावली, यंत्रापासून दोन फूट उंच. पुढे जाळी, ग्रिल काही नको. चार-पाच मीटर पाइप वाढली तरी चालेल. एप्रिल ते जून महिन्यातून एकदा साध्या नळीनं, कमी दाबानं, कॉइलची धूळ धुवा. आम्लाचं क्लीनर आणलं तर परत पाठवा.

पटियावाला

आणि गच्चीवर लावणार असाल तर स्टँडचे पाय बोर्ड टाकायच्या *आधी* पटियावर पक्के करून घ्या. नंतर कोब्यात भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलंच समजा.

दौलतगंजकर

चौक १२ बाय १५ आहे, म्हणजे रद्द. उत्तरेचा कठडा मोकळा आहे. स्टँडचं मिस्त्रीला उद्याच सांगतो.